कृष्णविवराचा शेजारपाजार: संभाजीनगरकरांसाठी पहिले धडे

आधी कृष्णविवर पाहायचा हट्ट सोडा. दुर्बीण विकणारा काहीही सांगो, ते दिसणार नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये ज्याचा फोटो सगळ्यांच्या स्टेटसवर झळकला, ते नारिंगी कडं एम-८७ दीर्घिकेतल्या विवराभोवतीच्या तप्त वायूचं होतं. मधला काळा भाग ही विवराची सावली. तेवढ्यासाठी हवाईपासून स्पेनपर्यंतच्या रेडिओ दुर्बिणी २०१७ मध्ये एकाच कामाला जुंपल्या आणि पुढे दोन वर्षं आकडेमोड चालली. तेव्हा आपण फक्त शेजारपाजाराची चौकशी करायची. खगोलशास्त्रज्ञही तेच करतात, अनुदान मागताना शब्द जरा भारदस्त वापरतात इतकंच.

जागा निवडा. वाळूजच्या दिव्यांखालची गच्ची बाद. म्हैसमाळला जा, सोबत जाड स्वेटर आणि कमी बोलणारा मित्र घ्या. आपल्याच आकाशगंगेच्या केंद्रात, धनू राशीच्या दिशेला, सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचं विवर बसलेलं आहे. आपल्याकडून ती जागा दक्षिणेला क्षितिजापासून ४० अंशांवर येते आणि मध्यरात्री तेवढं वर यायला मुहूर्त शोधते तो जूनअखेरचा. म्हणजे ढग. ढग नसले तरी वाटेतली धूळ दृश्य प्रकाश अडवते. त्यामुळे राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांनी अवरक्त किरणांत तिथल्या ताऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षं मोजल्या. एस-२ नावाच्या ताऱ्याला विवराभोवती एक फेरी मारायला १६ वर्षं लागतात. पहिलीत घातलेलं पोर तेवढ्यात इंजिनिअर होऊन नोकरी शोधू लागतं. या चिकाटीला २०२० चं नोबेल मिळालं. त्याचा अर्धा वाटा विवरांच्या सिद्धांतासाठी रॉजर पेनरोज यांना गेला. तुम्हीही आजच सुरुवात करा.

सिद्धांतासाठी मात्र पाणचक्कीवर जा. हर्सूलकडच्या डोंगरातून नळांतून आलेलं पाणी भिंतीवरून खाली पडतं आणि जातं फिरतं. जाळायला काही नाही, नुसतं पडणंच कामाला येतं. विवराकडे पडणारा वायूही सरळ आत जात नाही. तो गरगरत तबकडी करतो, थरावर थर घासतो, तापतो आणि झळाळतो. सूर्य हायड्रोजन जाळतो तेव्हा वस्तुमानातला ०.७ टक्का ऊर्जेत जातो. या तबकडीत तो वाटा १० टक्क्यांच्या आसपास पोचू शकतो. सूर्यमालेएवढ्या जागेतून अख्ख्या दीर्घिकेला फिकं पाडणारा उजेड निघतो तो असा. अशा झगझगीत केंद्राला क्वेसार म्हणतात. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३-सी २७३ या ‘ताऱ्याचा’ वर्णपट वाचला, तेव्हा तो सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षांवर निघाला. उन्हाळ्यात कन्या राशीत चांगल्या हौशी दुर्बिणीतून तो दिसतो: एक फिकट ठिपका. पाहुण्यांना दाखवू नका, पुढच्या वेळी ते येणार नाहीत.

आता खरी कला, प्रतिध्वनीची. इथे घाई करू नका. तबकडीचा उजेड सतत कमीजास्त होतो. तिच्याभोवती वायूचे ढग भणाणत असतात आणि वेगामुळे त्यांच्या वर्णरेषा रुंद झालेल्या असतात. तबकडी उजळली की ढग लगेच उजळत नाहीत. प्रकाश तिथवर पोचायला वेळ लागतो. तुम्ही रोज रात्री दोन्हींची नोंद करा. समजा, ढगांनी २० दिवस उशिरा मान डोलावली. मग ढग विवरापासून २० प्रकाशदिवसांवर, म्हणजे सुमारे ५२ हजार कोटी किलोमीटरवर आहेत. रेषेच्या रुंदीवरून वेग सेकंदाला ५ हजार किलोमीटर निघाला. वेगाचा वर्ग करा, अंतराने गुणा, गुरुत्वस्थिरांकाने भागा. उत्तर येईल दहा कोटी सूर्यांच्या घरात. विवर न पाहता त्याचं वजन झालं. मधे चार रात्री आपल्या आभाळात ढग आले तर आलेखात भोकं पडतात. जुन्नरजवळच्या गिरवलीतली आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीणही पावसापुढे हात टेकते, तिथे तुमचं काय!

म्हणून पावसाळ्यात रेडिओकडे वळा. औंढा नागनाथला गुरुत्वलहरी टिपणारं लायगो-इंडिया उभं राहतंय म्हणून हिंगोलीची गाडी धरू नका. ते ताऱ्यांपासून झालेल्या लहान विवरांच्या टकरी ऐकणार. महाकाय विवरांच्या जोड्यांच्या लाटा इतक्या संथ असतात की त्यांच्यासाठी पल्सारांची, म्हणजे ठरल्या ठेक्यात रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांची, घड्याळं लावावी लागतात. २०२३ मध्ये त्या लाटांची चाहूल लागल्याचं जाहीर झालं, त्यात खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा वाटा होता. तेव्हा अहिल्यानगरवरून आळेफाट्याला आणि तिथून नारायणगावला जा. तमाशाच्या राहुट्यांपाशी रेंगाळलात तर आमची हरकत नाही. जवळच खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या. तबकडी भरीव नाही. तारेची जाळी आहे, वारा आरपार जातो आणि रेडिओ लहरींना मात्र ती सलग आरशासारखीच वाटते. ढगांचं इथे कुणी विचारत नाही. विवराजवळून सुटलेले झोत लाखो प्रकाशवर्षं जाऊन दोन्हीकडे फुगतात. ते फुगारे इथे छान दिसतात. आत जाताना मोबाइल बंद करा. दीर्घिकेपेक्षा तुमच्या काकूचा फोन जास्त ठळक येतो.

पुस्तक हवंच असेल तर अजित केंभावी आणि जयंत नारळीकर यांचं क्वेसारांवरचं १९९९ चं इंग्रजी पाठ्यपुस्तक घ्या. गणिताने घाबरलात तर नारळीकरांचीच ‘कृष्णविवर’ ही कथा वाचा. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ती नारायण विनायक जगताप या नावाने गेली आणि पहिली आली. परीक्षकांना पत्ता लागला नाही.

शेवटी खोडदच्या दुर्बिणीवर निरीक्षणाच्या वेळेसाठी प्रस्ताव लिहा. ‘मला बघायचंय’ असं लिहू नका. कोणत्या वारंवारितेला, किती तास आणि का, ते लिहा. समितीने नाकारला तर जुन्या नोंदींचं भांडार उघडं आहे, त्यातल्या मोबाइल आणि विजेच्या तारांच्या खरखरी निवडत बसा. मान्य झाला आणि लक्ष्मीपूजनाच्या पहाटे तीनची वेळ मिळाली, तर घरी काय सांगायचं ते आधी ठरवा.