सुकेसादाची सही

ज्याची स्वतःची सही बँकेत जुळत नाही, त्याने पाचशे वर्षांपूर्वीच्या जपानी लोहाराची सही खरी की खोटी हे ठरवायला बसू नये. हा नियम कुठे लिहिलेला नाही. लिहिलेला असता तर मी नक्की पाळला असता, कारण मी पुणेकर आहे आणि पाटीवर जे लिहिलंय त्यावर माझा फार विश्वास.

झालं काय, २०२५ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना सोडवून आणली आणि ती बातमी वाचता वाचता माझी नजर आपोआप माळ्याकडे गेली. आमच्या माळ्यावर, जुन्या रजया आणि गणपतीचं मखर यांच्यामध्ये, एक तलवार असते. माझ्या घराण्याची नव्हे. आमच्याकडे विळीपलीकडे शस्त्रपरंपरा नाही. ही बायकोच्या माहेरची. तिचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, त्या रेजिमेंटची एक पलटण दोस्त सैन्याबरोबर जपानात गेली, तिच्यात तेही गेले आणि येताना ही घेऊन आले. तेव्हापासून ती दर खंडेनवमीला खाली उतरते, तेल आणि हळदकुंकू लावून घेते, झेंडूची माळ घालून घेते आणि पुन्हा वर जाते. इतक्या वर्षांत तिने कोणाचं काही वाकडं केलं नाही. मग ती माझ्या हाती लागली.

मी आधी अभ्यास केला. महायुद्धातल्या जपानी हवालदारांच्या तलवारी कारखान्यात बनत आणि त्यांच्या पात्यावर अनुक्रमांक असे. आमच्या पात्यावर आकडा नव्हता. म्हणजे पहिल्या परीक्षेत आम्ही पास. अधिकारी मात्र कधी कधी घरातलं पिढीजात पातं लष्करी मुठीत बसवून नेत आणि अशा पात्यावर लोहाराची सही असली, तर ती मुठीत दडलेल्या भागावर छिन्नीने कोरलेली असते. मूठ बांबूच्या एका लहानशा खुंटीने अडकवलेली असते. खुंटी ठोकून काढायची की मूठ अलगद निघते. अलगद हा शब्द ज्याने कोणी वापरला त्याच्या तलवारीला खंडेनवमी माहीत नसावी. मी लाटणं आणि खिळा घेऊन बसलो, खुंटीचे दोन तुकडे झाले, त्यातला एक फ्रिजखाली गेला, तरी वर्षानुवर्षं मुरलेल्या तेलाने मूठ घट्ट धरून ठेवलेली. मग मी पातं जाड टॉवेलात गुंडाळून सोफ्याच्या दोन उशांत खोवलं, पाय टेकवला आणि सगळा जोर लावून ओढलं. मूठ निघाली. मी मुठीसकट टीपॉयवर.

पण सही होती! आणि तिच्याभोवती तांबूस, खोल, भरलेला गंज. या गंजाचं महत्त्व फार असतं. तो कधी घासायचा नाही, कारण त्याच्या रंगावरून आणि पोतावरून जाणकार वय सांगतात, आणि सहीच्या खाचेतला गंज आजूबाजूच्या गंजाइतका जुना नसेल तर सही मागाहून कोरलेली. मी भिंग लावून खाचा पाहिल्या. आतबाहेर सारखाच तांबूसपणा. "किमान चारशे वर्षं," मी जाहीर केलं. सासूबाईंनी त्यावर बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, कुंकू आहे हे."

अक्षरं वाचायला वरच्या मजल्यावरच्या मुलीकडे गेलो. पुण्यात दर दोन सोसायट्यांमागे एक तरी मुलगी जपानी शिकत असते, ही शहराची मोठी सोय आहे. मी फोटो दाखवून म्हटलं की लिपी फारच प्राचीन वाटते. "काका, फोटो उलटा आहे," ती म्हणाली. सुलटा केल्यावर तिने वाचलं : बिशू ओसाफुने सुकेसादा. बिशू म्हणजे बिझेन प्रांत, आजचा ओकायामा. ज्याच्या कोराकुएन बागेवरून सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान बेतलंय तेच ओकायामा! आणि जपानात आलेल्या हिंदी फौजेचं मुख्यालयही तिथेच होतं. धागे असे जुळत गेले की मी मनातल्या मनात सरकारशी ४७ लाखांवरून घासाघीस सुरू केली.

शेवटी शस्त्रांचा नाद असलेल्या एका निवृत्त गृहस्थांना घरी बोलावलं. त्यांनी पातं हातात घेतलं आणि बराच वेळ नुसता बाक पाहिला, पोलादाची वीण पाहिली, धारेलगतची पाणी दिल्याची पांढुरकी रेघ टोकापर्यंत डोळ्यांनी चालत नेली, मुठीतल्या भागावरचे कानशीचे वळ पाहिले. सहीकडे ढुंकून नाही. मी दोनदा बोटाने दाखवली. "ती शेवटी," ते म्हणाले. "आधी पातं कोणाचं ते पात्याला विचारायचं. मग सही त्याला दुजोरा देते का ते बघायचं. नाव तर कोणीही कोरेल." जपानात कोतेत्सू नावाच्या लोहाराची सही दिसली की आधी खोटीच समजावी, असं म्हणतात म्हणे. आपल्याकडेही इस्फहानच्या असदुल्लाचं नाव इतक्या पात्यांवर आहे, की ती सगळी खरी मानली तर तो गृहस्थ दीडदोनशे वर्षं भट्टीपुढून उठलाच नसावा.

"आणि सुकेसादा?" मी क्षीण आवाजात विचारलं.

सुकेसादा हे एका माणसाचं नाव नव्हेच. सोळाव्या शतकात जपानभर लढाया पेटल्या, ओसाफुने गावातून तलवारी घाऊक भावाने जाऊ लागल्या आणि हे नाव लावणारे लोहार तिथे कितीतरी झाले. सदाशिव पेठेत भर चौकात "अहो जोशी" म्हणून हाक मारावी, तसा प्रकार. खास मागणीच्या तलवारीवर लोहार स्वतःचं पूर्ण नाव घालत. घाऊक मालावर एवढंच त्रोटक.

"म्हणजे सही खोटी?"

"खरीही असेल. पण कोणत्या सुकेसादाची, ते मला विचारू नका."

पक्का निकाल हवा तर टोकियोत १९४८ पासून एक संस्था आहे, तिचे परीक्षक पातं पाहून कागद देतात. पण आपल्या १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू अशी देशाबाहेर धाडता येत नाही. म्हणजे तलवार खरोखर जुनी असेल तर तपासायला पाठवता येणार नाही, आणि पाठवता येत असेल तर तपासण्यासारखं काही नाही. गृहस्थ चहा पिऊन गेले.

मूठ परत बसवायची राहिली होती आणि खंडेनवमी तोंडावर आलेली. बांबूच्या खुंटीला बांबूच हवा, म्हणून मी स्वयंपाकघरातला खण उपसला, त्यात एक बांबूची काडी सापडली, ती तासून ठोकून बसवली आणि चक्क घट्ट बसली. तेव्हा आमच्या तलवारीच्या एका भागाचं मूळ तरी मी आता कोणापुढेही छातीठोकपणे सांगू शकतो. ती खुंटी कोपऱ्यावरच्या चायनीजच्या पार्सलमधली आहे.