बिनमुहूर्ताची मैफल

ग्रेटफुल डेड हा कॅलिफोर्नियातला बँड १९६५ साली जमला आणि १९९५ मध्ये त्यांचा गिटारवादक-गायक जेरी गार्सिया गेला तेव्हा थांबला. तीस वर्षांत त्यांनी २३००च्या आसपास कार्यक्रम केले. तीच ती गाणी इतक्या वेळा कशाला वाजवायची, असं कुणीही विचारेल. पण तेच गाणं दुसऱ्यांदा तसंच वाजवणं या मंडळींच्या स्वभावातच नव्हतं.

‘डार्क स्टार’ घ्या. १९६८च्या तबकडीवर हे गाणं तीन मिनिटांच्या आत आटोपतं. पुढच्याच वर्षीच्या ‘लाइव्ह/डेड’वर ते तेवीस मिनिटं चालतं. फिल लेशचा बास अंदाज घेत फिरतो, गार्सियाची गिटार त्याला मधेच आडवी जाते, मागे ऑर्गन धुगधुगत असतो. पाच-सहा मिनिटं अशी गेल्यावर गार्सिया गायला तोंड उघडतो. तोवर आमच्या घरात “अजून वाद्यंच लावतायत का?” असं विचारून झालेलं असतं. प्रश्न अगदीच गैर नाही. दोन गाण्यांच्या मधे ही माणसं खरोखरच निवांत वाद्यं लावत बसायची. सुरुवातीच्या काळात त्यांच्या श्रोत्यांना एलएसडीच्या नशेमुळे वेळेचं भान नसे. आम्हाला आल्याच्या चहावर तेवढाच धीर धरावा लागतो.

ऐनवेळी सुचेल ते वाजवायचं म्हटलं की न सुचण्याचीही तयारी ठेवावी लागते. आणि यांना नेमकं मोठ्या प्रसंगीच सुचायचं नाही. १९६९च्या वुडस्टॉक संगीतमहोत्सवात लाखोंचा जनसमुदाय समोर होता. पावसाने रंगमंच ओला, विजेच्या जोडणीत घोळ, गिटारला हात लावला की झटका. कार्यक्रम असा पडला की पुढे हे लोक स्वतःच त्याचे वाभाडे काढत. १९७८ साली तर थेट इजिप्तमध्ये पिरॅमिडसमोर वाजवायचा घाट घातला. शेवटच्या रात्री खग्रास चंद्रग्रहणही होतं! पण ड्रमवादक बिल क्रॉइट्झमनचं मनगट मोडलेलं होतं आणि पियानो बेसूर होता. त्या दौऱ्याची रेकॉर्ड निघायला २००८ साल उजाडलं.

याउलट ८ मे १९७७चा रविवार. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल आणि बाहेर ऐन मे महिन्यात बर्फ. त्या रात्री ‘स्कार्लेट बेगोनियाज’ संपता संपता ‘फायर ऑन द माउंटन’ सुरू होतं. कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं, हे मला अजून बोट ठेवून सांगता येत नाही. ताल थांबत नाही, बास हळूच वाट बदलतो, गिटार थोडी घुटमळते आणि मग तीही त्याच वाटेला लागते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे ध्वनिमुद्रण जतनाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं आहे.

या मुलुखात आपली माणसंही भेटतात. दुसरा ड्रमवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे लयीचे हिशेब शिकला, पुढे झाकिर हुसेन यांच्याबरोबर त्याने ‘प्लॅनेट ड्रम’ केलं. बँडचं ‘द इलेव्हन’ अकरा मात्रांत बांधलेलं आहे. बोटांवर मात्रा मोजत ऐकणाऱ्याची त्यात धांदल उडते. तिकडचं पब्लिक मात्र त्यावर बिनधास्त नाचायचं.

या बँडचा मोठेपणा मला आणखी एका गोष्टीत दिसतो. त्यांनी श्रोत्यांना टेप करायला मोकळीक दिली आणि १९८४पासून तर माइक घेऊन येणाऱ्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. कॅसेटची देवाणघेवाण चाहत्यांमध्ये चाले, पैसे घेणं मात्र निषिद्ध. त्यामुळे रंगलेल्या रात्रींसोबत फसलेल्या रात्रीही जपल्या गेल्या. आपली पडलेली मैफल लोकांच्या घरी राहू द्यायला मोठं मन लागतं, आणि उद्या रंगेल याची खात्रीही.

तेव्हा कधी ऐकायला बसलात तर सुरुवात कॉर्नेलपासून करा. पण तिथेच थांबू नका, एखादी फसलेली रात्रही पुरती ऐका. रंगलेल्या रात्रीची किंमत त्याशिवाय कळत नाही.