हरणाऱ्यांची सर्वसाधारण सभा

कोल्हारला क्रिकेटचा संघ आहे, पण तो टीव्हीवर दिसत नाही. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात पोरं खेळतात आणि शेजारच्या उभ्या उसात चेंडू गेला की सामना तेवढ्यापुरता थांबतो. रंगीत कपडे, लिलाव आणि मालक असलेला संघ मात्र गावाला नाही, राहाता तालुक्याला नाही आणि अख्ख्या नगर जिल्ह्यालाही नाही. २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पुणे, कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर, सोलापूर आणि रत्नागिरी अशी सहा नावं पुकारली गेली. आमच्या जिल्ह्याचं नाव नव्हतं. क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा, पण संघ म्हटला की आमच्याकडे दूधसंघच.

म्हणून कोल्हारकरांना प्रेम करायला उसना संघ लागतो. मुंबईवर प्रेम करणं सोपं होतं. त्यांच्याकडे सचिन होता, पुढे पुढे करंडकही जमले. पण मुंबईला आमची गरज नव्हती. आमची पोरं शिकायला पुण्याला, म्हातारी माणसं ऑपरेशनला पुण्याला, नवीन लग्न झालेली जोडपी भाड्याच्या खोलीत पुण्याला. त्यामुळे २०१० च्या मार्चमध्ये सहारा समूहानं आयपीएलचा पुण्याचा संघ घेतला, तेव्हा तो आपोआप आपला झाला. किंमत ३७ कोटी डॉलर, म्हणजे १७०२ कोटी रुपये. कोल्हारच्या चौकात त्या रकमेचं तिथल्या तिथे टनामागच्या भावात रूपांतर झालं आणि एवढ्यात किती हंगाम ऊस घेता येईल यावर अर्धा तास गेला. क्रिकेटचा विषय नंतर निघाला.

२०११ मध्ये पुणे वॉरियर्सनी पहिले दोन सामने जिंकले. चाहत्याच्या आयुष्यात याहून घातक काही नसतं. माणूस लगेच पुढचे हिशेब मांडतो. मग सलग सात हरले. पुण्याचा संघ म्हणावं तर घरचं मैदान नवी मुंबईत, कारण गहुंज्याचं अजून पुरं झालेलं नव्हतं. युवराजसिंग कर्णधार होता. त्याच वर्षी त्यानं भारताला विश्वचषक जिंकून दिला होता. दहा संघांत आपण नववे आलो. "पहिलंच वर्ष आहे," असं आम्ही एकमेकांना समजावलं. खोडवा चांगला येईल, अशी आशा शेतकऱ्याला उपजतच असते.

१ एप्रिल २०१२ रोजी शरद पवारांच्या हस्ते गहुंज्याच्या मैदानाचं उद्घाटन झालं. तारीख तेवढी कुणाला खटकायला हवी होती. युवराज आजारपणामुळे बाहेर, सौरव गांगुली कर्णधार, आणि पहिल्या चार सामन्यांत तीन विजय. चौकात पुन्हा हिशेब सुरू. मग शेवटचे नऊच्या नऊ सामने हरून संघ तळाला गेला. त्यांतला मुंबईविरुद्धचा एक तर एका धावेनं. पुढच्या वर्षी नऊ संघांत आठवे आलो आणि आम्ही त्याला सुधारणा म्हणालो. तीन हंगामांत ४६ सामने, त्यांत विजय १२. एवढ्या हप्त्यांत एखाद्याचं मन मोडायचं म्हणजे सावकारालासुद्धा दमानं घ्यावं लागलं असतं.

दुखऱ्या जागेवर मीठ म्हणजे श्रीरामपूरचा झहीर खान. कोल्हारहून श्रीरामपूर ते किती लांब? आणि तो त्या तिन्ही वर्षांत बंगळुरूच्या संघात. त्याच बंगळुरूनं २३ एप्रिल २०१३ ला पुण्याला जे धुतलं, त्याबद्दल आमच्याकडे आजही हळू आवाजात बोलतात. ख्रिस गेल ६६ चेंडूंत नाबाद १७५. त्यांतल्या पहिल्या शंभर तीस चेंडूंत. धावफलक ५ बाद २६३, पुण्याचा १३० धावांनी पराभव.

महिनाभरातच मालकही दमले. सामने ठरल्यापेक्षा कमी मिळाले म्हणून फ्रँचायझीची रक्कम कमी करा, असं सहाराचं म्हणणं होतं. क्रिकेट मंडळानं बँक हमी वटवली, सहारानं संघ सोडल्याचं जाहीर केलं आणि ऑक्टोबरमध्ये मंडळानं करारच रद्द केला. गहुंज्याच्या मैदानावरचं सहाराचं नावही पुढे उतरलं. या सगळ्यात एक गोष्ट कुणीच विचारली नाही: ते ४६ सामने ज्यांनी शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिले, त्यांचं काय म्हणणं आहे?

हा प्रश्न आमच्या भागात पडणं साहजिक आहे. शेजारच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० पासून तो चालू लागला. तेव्हापासून इथल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलंय की जो ऊस घालतो तो सभासद, आणि जो सभासद तो मालक. प्रत्यक्षात काय होतं हा वेगळा विषय आहे. पण वर्षातून एकदा मंडपात बसून अध्यक्षाला उभं करून प्रश्न विचारायचा हक्क आहे, ही भावना काही लहान नाही. पुणे वॉरियर्सला आम्ही तीन वर्षं संध्याकाळी घातल्या, झोप घातली, दुसऱ्या दिवशीची कामं घातली. शेअर सर्टिफिकेट तेवढं मिळालं नाही.

मिळालं असतं तर त्या संघाची वार्षिक सर्वसाधारण सभा कशी झाली असती, हे मला डोळ्यांसमोर दिसतं. सप्टेंबर महिना, मंडप, मागच्या रांगेत चहा. विषय क्रमांक एक: मागील हंगामातील पराभवांचे इतिवृत्त वाचून कायम करणे. पुढून आवाज येतो, "वाचू नका, पाठ आहे!" मंजूर, मंजूर. विषय क्रमांक दोन: श्री. गेल यांच्या १७५ धावांची नोंद घेणे. पांढऱ्या टोपीतले एक आबा उठतात. "अध्यक्षसाहेब, एवढंच सांगा, हे होत असताना संचालक मंडळ काय करत होतं?" अध्यक्ष सांगतात की कर्णधार फिंच यांनी स्वतः चेंडू हातात घेऊन एक षटक टाकून पाहिलं. "मग?" "एकोणतीस गेल्या." थोडा वेळ शांतता. मग अध्यक्ष घसा खाकरून सभेच्या निदर्शनास आणतात की त्याच सामन्यात आपल्या भुवनेश्वर कुमार यांनी चार षटकांत फक्त २३ धावा दिल्या आहेत. टाळ्या. सगळ्या ताळेबंदात अशी एखादी ओळ असतेच, जी जमेच्या बाजूला ठळक छापून बाकीची पानं पटपट उलटायची असतात. मंजूर, मंजूर.

२०१५ च्या डिसेंबरात पुण्याला पुन्हा संघ मिळाला. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाल्यानं दोन जागा तात्पुरत्या रिकाम्या झाल्या होत्या. या वेळचा लिलाव उलटा होता: मंडळाच्या उत्पन्नातून कमीत कमी वाटा मागेल त्याला संघ. संजीव गोएंकांच्या कंपनीनं उणे १६ कोटींची बोली लावली. म्हणजे मंडळाकडून काही नको, उलट आम्हीच वर्षाला सोळा कोटी देतो. एकाच शहराचा संघ आधी १७०२ कोटींना आणि मग उणे सोळाला गेला, हे चौकातल्या मंडळींना समजावताना माझी पुरेवाट झाली. "उणे म्हणजे फुकटाच्याही खाली का?" असं एकानं विचारलं. कांद्याचे भाव पाहिलेला माणूस होता, त्याला ते लगेच कळलं.

नव्या संघाचं नाव रायझिंग पुणे सुपरजायंट्स. धोनी कर्णधार, आणि संघात अजिंक्य रहाणे! अजिंक्यचा जन्म आश्वी खुर्दचा. म्हणजे प्रवरेच्या वरच्या अंगाला, आमच्याच पाण्यावरचा. आता संघ खऱ्या अर्थानं आपला झाला. आणि लगेच दूर गेला. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता, लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, आणि मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितलं. पुण्यानं विशाखापट्टणम निवडलं. कोल्हारमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. कालव्याच्या आवर्तनाची तारीख पंचांगासारखी पाठ असणारं, भंडारदऱ्याचं पाणी खाली जायकवाडीला सोडायचं की नाही यावर घसा बसेपर्यंत भांडणारं गाव आहे हे. मैदानावर पाणी मारायचं की नाही, हे आम्हाला न्यायालयानं सांगायची गरज नव्हती. पाहुण्या गावात त्या मोसमात ॲडम झॅम्पानं हैदराबादचे सहा गडी १९ धावांत बाद केले. सामना पुणे चार धावांनी हरलं. आठ संघांत सातवे.

दुसऱ्या वर्षी धोनीऐवजी स्टीव्ह स्मिथ कर्णधार झाला आणि संघाच्या नावाच्या शेवटचा 'स' गळाला. एवढ्यानं काय होणार, असं वाटलं होतं. पण संघ धडाधड जिंकू लागला. मुंबईला त्या मोसमात तीनदा हरवलं. २१ मे २०१७ ला हैदराबादला अंतिम सामना, समोर मुंबईच. मुंबईच्या १२९. अजिंक्यच्या ४४, स्मिथच्या ५१. शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या, मिचेल जॉन्सनच्या पहिल्याच चेंडूवर मनोज तिवारीनं चौकार मारला. पाच चेंडूंत सात. आमच्याकडे कुणीतरी फटाके आणायला उठलासुद्धा. पुढच्या दोन चेंडूंवर तिवारी गेला, स्मिथ गेला. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोन पळून झाल्या, तिसऱ्या धावेला धावचीत. एका धावेनं हरलो. करार दोनच वर्षांचा होता, त्यामुळे पुढच्या वर्षी बदला घ्यायचीही सोय राहिली नाही. हरल्याबरोबर संघच संपला.

तिकडे अमेरिकेत बेसबॉलमध्ये सेंट लुईस ब्राउन्स नावाचा असाच एक संघ होता. अर्ध्या शतकात एकदाच, १९४४ साली, आपल्या लीगमध्ये पहिला आलेला. १९५१ मध्ये तो बिल वेक नावाच्या माणसानं विकत घेतला. हा जरा वेगळ्या घडणीचा मालक. त्यानं २४ ऑगस्टला हजाराहून जास्त प्रेक्षकांच्या हाती 'हो' आणि 'नाही' असे फलक दिले. गोलंदाज बदलायचा का? क्षेत्ररक्षक पुढे आणायचे का? प्रेक्षक फलक वर करणार, बहुमतानं ठरणार. खरे प्रशिक्षक पायांत सपाता घालून, पाइप ओढत, डुलत्या खुर्चीत बसून राहिले. आणि तो कायम हरणारा संघ त्या दिवशी ५-३ असा जिंकला!

ही गोष्ट कळल्यापासून माझी कोल्हारवरची श्रद्धा दुणावली आहे. नगर-मनमाड रस्त्याकडेच्या टपरीवर हा प्रयोग आम्ही रोज करतो, फक्त फलकांविना. "याला दोनच षटकं द्यायला पाहिजे होती," हे वाक्य शिर्डीला निघालेल्या पाहुण्यानं चहा पिता पिता ऐकलं, तर त्याला वाटेल इथे प्रशिक्षक बसले आहेत. बसलेलेच आहेत. नेमणुकीचं पत्र तेवढं यायचं राहिलंय.

वेकलाही पुढे पैसा पुरला नाही. १९५३ च्या अखेरीस त्यानं संघ विकला. नवे मालक तो बाल्टिमोरला घेऊन गेले, नाव ओरिओल्स ठेवलं आणि १९६६ मध्ये तोच संघ जगज्जेता झाला. सेंट लुईसच्या वाट्याला पराभवच उरले. पण त्या शहरात ब्राउन्सच्या आठवणी जपणारी संस्था आजही आहे. विक्रीच्या करारात खेळाडू गेले, पोशाख गेले, येणी-देणी गेली. पराभव कुणी मागितलेच नाहीत, म्हणून ते ज्यांनी पाहिले त्यांच्याकडेच राहिले.

आमचंही तसंच झालं आहे. गोएंकांनी २०२१ मध्ये ७०९० कोटींना लखनौचा संघ घेतला आणि सुपरजायंट्स हे नाव तिकडे नेलं. २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत वातावरण तापलं, म्हणून धोनीचा चेन्नई संघ घरचे सामने खेळायला पुण्यात आला आणि त्या वर्षी करंडक घेऊन गेला. पाण्यावाचून पुण्याचा संघ बाहेर गेला होता, पाण्याच्या भांडणानं दुसऱ्यांचा आत आला, आणि जिंकला तो दुसऱ्यांचाच. लखनौच्या विजयावर आम्ही हक्क सांगत नाही, चेन्नईच्या करंडकावरही नाही. पण २०१७ च्या त्या शेवटच्या षटकावर हक्क आमचा आहे, आणि तो विकत मागायला आजवर एकही मालक आलेला नाही. यायचं कारणही नाही. जिंकण्याला भाव असतो, म्हणून ते हात बदलतं. हरणं हा सभासदांचा राखीव निधी, तो काढून घेता येत नाही आणि वाटूनही टाकता येत नाही. आमची सभा म्हणून अजून तहकूब झालेली नाही. शेवटचा विषय, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारा, दर वर्षी एकच असतो: तिवारीनं चौकार मारल्यावर पुढचा चेंडू खाली ठेवून एकच धाव घ्यायला नको होती का? त्यावर मात्र कोल्हारमध्ये अजून कुणी मंजूर म्हटलेलं नाही.