दिल्ली दोन तास

नांदूरघाटच्या स्टँडावर एसटीची वाट बघत बसलेल्या माणसाला तात्यांच्या तावडीतून सुटका नसते. माणूस केजला निघालेला असो की बीडला, तात्या आधी त्याच्या पोराचा ठावठिकाणा काढतात. पोरगं पुण्यात निघालं की तात्यांचा रस तिथंच संपतो. दुबईत निघालं तर मात्र ते चहा सांगतात.

"मुंबई-दुबई एकोणीसशे तीस किलोमीटर धरा. आठशेनं भागा, वर अर्धा तास टाका. तीन तासाला पाच मिन्टं कमी."

पंचाईत ही, की हिशेब बरोबर असतो. तो अर्धा तास कशाचा, हेही ते सांगतात: विमान धावपट्टीपर्यंत रांगत जातं, मग चढतं, मग उतरतं. एकदा मास्तरांनी नकाशा दाखवून न्यूयॉर्कला सरळ पश्चिमेला जायचं, असं म्हणायची चूक केली. तात्यांनी शाळेतला पृथ्वीगोल मागवला, शर्टाच्या लोंबत्या गुंडीचा दोरा तोडून मुंबई-न्यूयॉर्क ताणून धरला. दोरा चक्क आइसलंडवरून गेला. मास्तर गार. गुंडी तेव्हापासून नाहीच.

लंडन हा त्यांचा खास विषय. सात हजार दोनशे किलोमीटर. जाताना जास्त वेळ, येताना कमी. "वर वारं मावळतीकडून उगवतीला वाहतं. जाताना समोरून, येताना पाठीवर." हे सांगताना ते दोन्ही हात पसरून जरा तिरके होतात, आणि शेजारच्याचा चहा सांडतो.

जमिनीवरच्या अंतराचं त्यांना वावडं आहे. २६१ किलोमीटरचा अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग १९९५ साली मंजूर झाला, गाडी बीडपर्यंत यायला २०२५ उजाडलं. तात्यांच्या सूत्रानं हे सगळं अंतर वीस मिनिटांचं, वरचा अर्धा तास वेगळा. हा विषय निघाला की ते तंबाखू मळायला घेतात.

मग जावयानं पुणे-दिल्ली तिकीट काढून दिलं. तात्या आदल्या दिवशी सकाळीच निघाले. इथून बीड, बीडहून पुणं, रात्र भाच्याकडं, पहाटे रिक्षा. विमानतळावर तर दोन तास आधीच हजर राहायचं. परत आल्यावर स्टँडावर जाहीर केलं, "दिल्ली दोन तास. मिन्टाचा फरक न्हाई."

कॉलेजातलं एक पोरगं म्हणालं, "पर तात्या, तुमी तर आदल्या दिशी सकाळी निघलाव!"

"ते एसटीचं. इमानाच्या नावावर कशाला टाकायलास?"

यावर कुणाला बोलता आलं नाही. तसं बघितलं तर विमान कंपन्याही वेगळं काय करतात? तिकिटावर सुटायची नि पोचायची वेळ छापतात. गावापासून विमानतळापर्यंतचा प्रवास ज्याचा त्यानं बघायचा.

घरी मात्र सूत्र चालत नाही. गिरणी दोन गल्ल्या सोडून. सकाळी आठला दळणाचा डबा घेऊन निघालेले तात्या स्टँडमार्गे एकला परतले. काकूंनी डबा उतरवून घेतला, झाकण उघडलं. आत ज्वारी तशीच.

"का ओ," काकू म्हणाल्या, "वारं समोरून व्हतं का?"