रात्रीच्या गाडीवाल्या साहेबांस

एरच, जि. झाशी

आदरणीय साहेब,



आपलं नाव माहीत नाही, खातं माहीत नाही. गाडी कसली होती यावरही बसस्टँडवर तीन मतं आहेत. एकमत एवढ्यावरच, की होळीच्या दोन दिवस आधी रात्री अकरानंतर ती आली आणि सकाळी चहाच्या टपरीशेजारचा बाक रिकामा होता. सणाला पाहुणे येणार, गाव नीटनेटकं दिसायला हवं, हे अगदी मान्य. हे प्रल्हादाचं गाव. बापाने पोराला इथल्याच डोंगरावरून बेतवा नदीत ढकललं, ही कथा आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतो. डोंगराचं काम आपण चार चाकांवर उरकलंत, इतकंच.

त्या बाकावर तो असायचा. अंगावर पोतं, मनगटाला सुतळ्या गुंडाळलेल्या. चहा प्यायला की ग्लास विसळून पालथा घालायचा. टपरी बंद व्हायच्या वेळी मात्र दिसेल त्याला एकच प्रश्न विचारायचा. इथल्यांना त्यात 'कढी' ऐकू यायची, म्हणून ढाबेवाला द्रोणात कढी-भात आणून द्यायचा. मी झाशीचा मराठी, कामापुरता एरचला येणारा. मला पहिल्याच दिवशी कळलं. तो विचारत होता, "कडी लावली का?" ढाबेवाल्याला मी हे सांगितलं नाही, कढी बंद झाली असती. त्याचं गाव कुठलं, हे मात्र मी विचारलं नाही. विचारू, विचारू म्हणत वर्ष गेलं. तेव्हा हे पत्र फार वरच्या पायरीवरून लिहितोय असं समजू नका.

आपला हिशेब मात्र चोख. न्यूयॉर्कच्या बेघर मनोरुग्णांचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. अशा एका माणसावर इस्पितळं, निवारे, तुरुंग मिळून वर्षाला 40,451 डॉलर जात होते. त्याला घर आणि सोबतीला मदत द्यायला 17,277 डॉलर लागले, पण बाकीच्या खर्चातले 16,281 वाचले. म्हणजे पदरचे गेले हजाराच्या आत. तिथल्या खजिन्याला हे पटवता येतं. आपल्याला कसं पटावं? आपण त्याच्यावर छदामही खर्चत नव्हतो, मग वाचणार काय? बाक फुकट, पोतं फुकट, कढी ढाबेवाल्याच्या खाती. खर्च काय तो डिझेलचा, तोही जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत. पुढचं डिझेल तिकडचे साहेब घालतील.

2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम 100 आहे. असा भटकणारा माणूस दिसला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं, कोठडीत न टाकता 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. आपण पहाटेच्या आत काम संपवलंत. वेळ पाळलीत, दिशा तेवढी चुकली. कलम 19 तर म्हणतं, घर नाही किंवा घरच्यांनी टाकलं, एवढ्यासाठी कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. मग ठेवायचं कुठे? चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेने 'होम अगेन' सुरू केलं. आपल्या रत्नागिरीतही ते आलं. साध्या वस्तीत भाड्याचं घर, चार-पाच माणसं, हाताशी मदतनीस. भाडं, पगार, औषधं, किराणा: खर्च आहे, आणि तो दर महिन्याला आहे. बदल्यात काय मिळतं? आज भाजी कुठली, यावर भांडायला मिळतं. रात्री दार आपल्या हाताने, आतून लावता येतं. असल्या गोष्टींना आपल्या वहीत रकाना नसणार, हे मी जाणून आहे.

एक किरकोळ चौकशी. त्याला मागे बसवून आपण गाडीचं दार ओढलंत, तेव्हा त्याने आपल्यालाही विचारलं असणार, "कडी लावली का?" आपण काय म्हणालात, तेवढं कळवा.

आपला,
बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसणारा