भाऊजींचा ट्रक भुंकतो!

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या भाऊजींच्या ट्रकला म्हणे नवं चाक बसणार. रस्त्यावर पळतं ते नव्हे हो, टर्बोच्या पोटातलं! कॉम्प्रेसर व्हील. आणि त्यावरून त्या घरात जे चाललंय ना… जाऊ दे, मी कशाला बोलू. पण आता तुम्ही एवढं विचारताच आहात म्हणून सांगते.

तो फोर्ड तुम्ही रोज बघता, 2002 चा एफ-250. सेव्हन पॉइंट थ्री, सेव्हन पॉइंट थ्री, भाऊजींचा जपच असतो. गणपतीच्या आरतीलासुद्धा पुरुषमंडळींना कोपऱ्यात गाठून तेच. इंजिन नॅव्हिस्टारने बनवलेलं, 2003 नंतर फोर्डला असं मिळालंच नाही, वगैरे वगैरे. त्यात कुणाच्या तरी नादाने चिप घातली. म्हणजे डिझेल जास्त, जोर जास्त. आणि मागे ओढायला 8000 पौंडांचा कॅम्पर. हौस!

तर काय सांगत होते… हां. आयझेनहॉवर टनेलचा चढ. 11000 फुटांच्या वर जातो तो, आपल्या चांगल्या गाड्यांनाही तिथे घाम फुटतो. तिथे ट्रकला दम लागला आणि बॉनेटखालून भॉ, भॉ! वहिनी म्हणाल्या, "अगं, मला वाटलं कुत्रं अडकलं आत." त्याला सर्ज म्हणतात. मी सगळं विचारून घेतलंय. दादरला लोकलच्या दारात मागून रेटा येतो, आत पाय ठेवायला जागा नसते, मग पुढची माणसं उलटी फलाटावर… तशी हवा. टर्बो रेटतोय, पण इंजिनचे फेरे कमी, तेवढी हवा त्याला घेववत नाही. मग ती पात्यांवरून सुटते नि उलटी फिरते. त्यात वर हवा विरळ, तेवढाच दाब हवा तर टर्बोने अजूनच पळायचं. आणि दर भुंकण्याला शाफ्टला, थ्रस्ट बेअरिंगला दणका.

झालं, भाऊजींनी शोधून काढलं, 'विकेड व्हील'. नाव तरी बघा! पाती वेगळ्या घडणीची, याच टर्बोसाठी काढलेलं, सर्ज कमी करतं. वहिनी म्हणाल्या, "आधी किचनचा नळ बदला."

मग आले ते पलीकडचे म्हातारे आजोबा. जन्मभर डिझेलच दुरुस्त केलं त्यांनी. टॉर्च घेतला, इंजिनच्या मागे फायरवॉलवर मारला नि वहिनींना बोलावलं. भाऊजींना नाही हं, वहिनींना! काजळीचा हा एवढा काळा पट्टा. अप-पाइप गळत होते. टर्बोला फिरवणारा धूर वाटेतच बाहेर, मग चढावर जोर कुठून येणार? म्हणूनच धुराचं तापमान दाखवणारा तो पायरोमीटरचा काटा 1250 फॅरेनहाइट ओलांडायचा, आणि चढभर तसा राहिला तर पिस्टनची धडगत नाही. भाऊजींचा चेहरा असा पडला! आणि वहिनी, "म्हणजे चाक नकोच ना?" काय गोड आवाजात विचारलं म्हणून सांगू…

पाइप नवे बसले. पुन्हा तोच चढ. काटा खाली, ट्रक झकास पळाला आणि भुंकला आधीपेक्षा मोठ्याने! अहो, होणारच. टर्बोला आता सगळा धूर मिळतोय, तो अजून जोरात रेटणार. आता चेहरा पडायची पाळी वहिनींची.

आजोबा म्हणाले, चढावर ओव्हरड्राइव्ह बंद करा. गिअरच्या दांड्यावर बटण आहे. फेरे वाढले की इंजिन हवा घेतं. आणि कॅम्पर जोडला की चिप खालच्या सेटिंगला. खर्च शून्य. वहिनींनी लगेच डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली: 'बटण'.

मला विचाराल तर, चाकाने काही ताकद वाढत नाही. ताकद डिझेलची. मधे तर भाऊजींना अख्खा मोठा टर्बोच घ्यायची लहर आली होती. तो जड, उशिरा जागा होतो, तोवर सिग्नलवर मागच्यांच्या तोंडावर काळा धूर. ते खूळ आजोबांनी उतरवलं, बरं झालं. पण हा माणूस उन्हाळाभर दर वीकेंडला डोंगर चढतो. बटण दाबून, चिप उतरवूनही भुंकत असेल तर चाक घ्यावं की! फक्त आधी हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी आत-बाहेर ओढून बघायचा. आडवा किंचित हलला तर चालतं, तेलाची जागा असते ती. आत-बाहेर खुळखुळला तर मात्र नुसतं चाक घालणं म्हणजे पैसे पाण्यात, टर्बो उघडून बेअरिंगही बदला. आणि बॅलन्स करून घ्या, मिनिटाला लाखाच्या वर फेरे असतात त्याचे! हे मी वहिनींसमोर बोलले नाही हं. त्यांच्यासमोर मी नळाच्या बाजूची.

आणि खरी गंमत तर राहिलीच. काल दुपारी आमच्या दारात खोकं. नाव भाऊजींचं, पत्ता आमचा! आमचे हे म्हणतात, "मला काही माहीत नाही," आणि कान लालेलाल. गॅरेजमध्ये वॉशरच्या मागे ठेवलंय. शनिवारी वहिनी भिशीला गेल्या की दोघं मिळून… अगबाई, त्याच येतायत वाटतं. काय हो वहिनी, नळ बसला का?