पुलावरचं पब्लिक

कयाकिंगमध्ये मला सगळ्यात जास्त काय आवडतं, तर पुलावरून बघणारं पब्लिक. वल्हं मारायला पुण्यात क्लब आहेतच. पण तिथं बघणारे सगळे स्वतःच वल्हं मारत असतात. त्यात कसली मजा?

आमच्या आंबेगाव तालुक्याकडे मात्र पावसाळ्यात पाणी बघायला जाणं हा कुळाचार. डिंभे धरणाचे दरवाजे उघडले की घोड नदीच्या पुलावर, मीना नदी फुगली की नारायणगावात, जत्रा ठरलेली. त्यात एक आजोबा असतात. त्यांनी याहून मोठा पूर बघितलेला असतो, पूर कितीही मोठा असो. दुचाकीवर तिघं येतात आणि मधला व्हिडिओ काढतो. भजीवाला पोलिसांच्या आधी पोचतो. पण या सगळ्यांचा राजा म्हणजे क्युसेकवाला. पाटबंधारे खात्याचा मेसेज याला गेटवाल्याच्याही आधी येत असावा. "आठ हजारनं सोडलंय, रात्री दहा करणार." एरवी याला घरचं वीजबिल वाचता येत नाही, क्युसेक मात्र तोंडपाठ. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर. म्हणजे आठ हजार क्युसेकला दर सेकंदाला दहा हजार लिटरचे बावीस-तेवीस टँकर पुलाखालून जातात. हे गणित मी एकदा त्याला करून दाखवलं. तो गप्प झाला. धरणाच्या वरच्या अंगाला असलेली त्याची वाडी मे महिन्यात एकाच टँकरची वाट बघते.

असो. कयाकिंगची कला मी कोलाडला शिकलो. तिथं कुंडलिका नदीला पाऊस असो-नसो, सकाळी पाणी येतं, कारण ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं. पाणी मुळशी धरणाचं, म्हणजे आपल्या मुळा नदीचं. खरं तर ते बंगालच्या उपसागराला जायचं, पण घाट उतरवून अरबी समुद्राकडं वळवलंय. त्याच धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, बापटांना 'सेनापती' हे नाव त्यातूनच मिळालं. हे मला तिथं शिकवताना कुणी सांगितलं नाही. तिथं सांगतात ते एवढंच : उलटलात तर कमरेला हिसका देऊन सरळ व्हा. तलावात मी होतो सरळ. नदीत नाकात गढूळ पाणी गेलं की कंबर कुठं आहे हेच आठवत नाही.

तर जाकीट, हेल्मेट, कयाकचं तोंड झाकणारा स्कर्ट असा जामानिमा करून मी घोड नदीत उतरलो. पुलावर मोबाईल वर झाले. मी किंचित छाती काढली. पुढं कोल्हापुरी बंधारा. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले, पण भिंतीवरून पाणी गुळगुळीत घसरत होतं आणि खाली उलटं फिरून पुन्हा भिंतीकडंच येत होतं. दिसायला अगदी साधं असतं ते. पण आत सापडलेला ओंडका तासन्‌तास तिथंच गोल फिरतो. मी काठाला लागलो, कयाक डोक्यावर घेतली आणि बांधावरून चालत निघालो.

"पडला का?" वरून कुणीतरी विचारलं.

"न्हाय, उतरला," दुसरा म्हणाला. गर्दी पांगली. भजीसुद्धा संपली होती.

तेव्हापासून मी डिंभ्याच्या फुगवट्यावर जातो. हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलेलं हे पाणी शांत, आणि बघायला कुणी नाही. तिथं ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं लावणारे एक बाबा भेटले. त्यांची ट्यूब माझ्या कयाकीच्या पुढं गेली, हे नोंदवून ठेवतो. आंबेगाव कुठं होतं, विचारलं. त्यांनी वल्ह्याची फळी खाली रोखली.

"हिथंच. तुमच्या बुडाखाली."

तालुक्याला नाव देणारं गाव धरणाखाली, कचेरी घोडेगावात, आणि वर मी, तरंगण्याच्या हौसेपायी कर्ज काढून. उगाच इकडंतिकडं बघितलं. बाबांनी कयाकीत वाकून हात घातला, चाचपलं.

"मासं कुठं ठेवायचं हिच्यात?"

"जागा नाही, बाबा."

"मग घरची काय म्हनत्यात?"

घरचे जे म्हणतात ते सांगण्यासारखं नसल्यानं मी वल्हं उचललं.